मुंग्या मारल्या, हे कन्फेशनमध्ये सांगायचं का?

भाचीचा यंदा पहिला कम्युनियन आहे, म्हणजे चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेणं, आणि त्याच्याआधी पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करणं, म्हणून तिने वहीच्या मागच्या पानावर पापांची यादी केली होती, ती घेऊन माझ्याकडे आली. आईशी खोटं बोलले. दादाला चिमटा काढला. प्रार्थना न म्हणता झोपले. आणि चौथ्या नंबरला, पेन्सिल जरा जास्तच दाबून लिहिलेलं, मुंग्या मारल्या. मी वाचेपर्यंत तिचा प्रश्न आलाच, मावशी हे मोठं पाप आहे ना, देवाच्या दहा आज्ञांतली पाचवी आज्ञा आहे ना, खून करू नकोस?

मी गेली काही वर्षं चर्चमध्ये रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते आणि हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. मोठी माणसं पण विचारतात. पेस्ट कंट्रोल करून घेतलं की दुसऱ्या दिवशी ओट्याखाली उताणी पडलेली झुरळं झाडून काढताना मनात काहीतरी येतंच. आणि आपल्याकडे तर शेजारच असा असतो की प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. आमच्या मजल्यावर एक जैन काकू आहेत, त्यांना घरात झुरळ दिसलं की त्यावर प्लॅस्टिकचा डबा पालथा घालतात, खालून हळूच पुठ्ठा सरकवतात आणि गुडघे दुखत असले तरी तीन जिने उतरून ते बाहेर सोडून येतात. त्यांच्या शास्त्रात जीवांची इंद्रियांप्रमाणे वर्गवारी आहे, मुंगी तीन इंद्रियांची, माशी आणि डास चार इंद्रियांचे, आणि या सगळ्यांना दुखवायचं नाही. हे बघून आपल्या पोरांना वाटणारच की मग आपण स्प्रे मारतो ते काय आहे, आपल्या धर्मात दया नाही का.

तर सरळ उत्तर आधी देते. घरात त्रास देणारे किडे, म्हणजे झुरळं, ढेकूण, डास, उवा, वाळवी, हे मारणं कॅथलिक शिकवणीप्रमाणे पाप नाही. कन्फेशनमध्ये सांगायची गरज नाही. पण एवढं सांगून सोडून दिलं तर पोरं ऐकतात ते असं की किड्यांचं काहीही केलं तरी चालतं, आणि चर्च असं कधीच म्हणालेलं नाही.

आधी त्या पाचव्या आज्ञेचं बघू. मूळ हिब्रूत तिथे जो शब्द आहे तो रात्साख, आणि तो माणसाने अन्यायाने माणसाचा जीव घेतला यासाठी येतो, बकरा कापला किंवा माशी मारली याला तो शब्द लावत नाहीत. खरं तर आपल्या मराठीतच हे किती स्वच्छ आहे बघा, आपण डास मारला म्हणतो, डासाचा खून केला असं कोणी म्हणतं का? खून माणसाचाच होतो. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, हो गं, पण मारणं तर आहेच ना. बरोबर आहे तिचं.

हा प्रश्न काही आजचा नाही. संत ऑगस्टीन, आजच्या अल्जीरियातल्या हिप्पो गावचे बिशप, यांना पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वी याच मुद्द्यावर एका पंथाशी वाद घालावा लागला. मानी नावाच्या गुरूचे ते अनुयायी, त्यांचं म्हणणं की हे दिसणारं जग चांगल्या देवाने केलेलंच नाही, आणि त्यांच्यातले पक्के साधक झाड तोडणं सुद्धा हिंसा मानायचे. ऑगस्टीन स्वतः तरुणपणी नऊ वर्षं त्या पंथात होते, त्यामुळे त्यांना आतून माहीत होतं. त्यांनी लिहिलं की खून करू नकोस ही आज्ञा झाडाझुडपांना लागू नाही आणि ज्यांना बुद्धीने विचार करता येत नाही अशा प्राण्यांनाही नाही, ती माणसाबद्दल आहे.

पण मला त्यांची दुसरी एक गोष्ट जास्त आवडते, त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानावर प्रवचन देताना सांगितलेली. एक माणूस माश्यांनी हैराण होऊन बसलेला असतो. त्या पंथाचा एक जण त्याला विचारतो, काय रे, या माश्या कोणी केल्या असतील? हा वैतागलेला, म्हणतो सैतानानेच, दुसरं कोण करणार. मग तो विचारतो, बरं मग मधमाशी? ती तर माशीपेक्षा जराशीच मोठी. हा म्हणतो हो, ती पण सैतानाचीच. मग मधमाशीवरून टोळ, टोळावरून सरडा, सरड्यावरून पक्षी, मग मेंढी, गाय, हत्ती, आणि असं एकेक पायरी चढत शेवटी माणूस, म्हणजे त्या बिचाऱ्याच्या तोंडून त्याने वदवूनच घेतलं की माणूस पण देवाने केलेला नाही. सगळं एका माशीच्या वैतागावरून! ऑगस्टीनना सांगायचं होतं ते हेच की माशी देवाची नाही असं एकदा म्हटलंत की मग थांबायला जागा राहत नाही. दुसऱ्या ठिकाणी ते अगदी मोकळेपणाने कबूल करतात की उंदीर, बेडूक, माश्या, किडे कशासाठी केले ते मला माहीत नाही, पण प्रत्येक जण आपापल्या जातीत सुंदर आहे एवढं मला दिसतं.

म्हणजे दोन गोष्टी एकदम धरायच्या. माशी मारणं खून नाही, आणि माशी देवाची आहे.

हे दोन्ही जमवायचं कसं, तर तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याची नीट मांडणी केली. त्यांच्या मते आत्मा सगळ्याच जिवंत गोष्टींना असतो, पण एकसारखा नाही. झाडाला वाढायचा, प्राण्याला वाढायचा आणि संवेदनेचा, आणि माणसाला या दोन्हीच्या वर विचाराचा, भलंबुरं ओळखायचा, आणि हा शेवटचाच मरणानंतर टिकणारा. इथे आपल्याकडे गोंधळ होतो, कारण आपण आजूबाजूला ऐकलेलं असतं की एकच आत्मा आज मुंगीत, उद्या माणसात. ख्रिस्ती शिकवणीत तसा पुनर्जन्म नाही, मुंगीत कोणाची आजी नाही. म्हणून माणसाने गरजेसाठी झाडं आणि प्राणी वापरणं अक्वायनसना मान्य आहे. पण त्यांनी तिथेच एक उदाहरण दिलंय, समजा कोणी दुसऱ्याचा बैल मारला, तर ते पापच आहे, पण कशाचं? ते म्हणतात बैल मारला म्हणून ते पाप नाही, ज्याचा बैल त्याचं नुकसान केलं म्हणून ते पाप, आणि म्हणून ते खुनाच्या खात्यात बसत नाही, चोरीच्या खात्यात बसतं.

आता हे लक्षात ठेवा आणि १९९२ साली आलेला चर्चचा अधिकृत कॅटेकिझम, म्हणजे शिकवणीचं पुस्तक, उघडा. प्राण्यांबद्दलचे परिच्छेद आहेत २४१५ ते २४१८. झुरळ किंवा डास असा शब्द त्यात नाही, प्राणी एवढंच आहे. पण हे परिच्छेद कुठल्या आज्ञेखाली आहेत? मी वर्गात हा प्रश्न विचारते तेव्हा सगळी मुलं पाचवी म्हणून ओरडतात. ते आहेत सातव्या आज्ञेखाली. चोरी करू नकोस, त्याखाली. मी स्वतः पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा पानं पुढेमागे करून परत तपासलं होतं, आणि मग एकदम उलगडलं. सृष्टी आपली नाही, आपल्याला वापरायला दिली आहे, आणि मालक दुसरा आहे. किडा हा माझा भाऊबंद आहे की नाही हा प्रश्नच मुळात वेगळ्या जागी जातो, प्रश्न असा होतो की दुसऱ्याची वस्तू माझ्या हातात दिली आहे तर मी ती कशी हाताळते. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायला लागतो तेव्हा मारतोच आपण, पण उगाच भिंत खरवडत बसत नाही.

आणि म्हणून त्या परिच्छेदांमधला महत्त्वाचा शब्द आहे, विनाकारण. अन्नासाठी, कपड्यासाठी प्राण्यांचा वापर चालतो, पण त्यांना विनाकारण यातना देणं किंवा विनाकारण जीव घेणं हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असं तिथे म्हटलंय. बघा, प्रतिष्ठा माणसाची म्हटलीय. म्हणजे मुंगीचे पाय एकेक करून उपटणारा पोरगा मुंगीचं जेवढं बिघडवतो तेवढंच स्वतःच्या आत पण काहीतरी बिघडवत असतो. अक्वायनसने पण हेच लिहिलंय की प्राण्यांशी दयेने वागायची सवय लागली की माणसांशी दया सोपी होते.

या विनाकारणवाल्या मुद्द्यावर माझ्या मनात कायम एक गोष्ट येते, अलेक्झांड्रियाच्या संत मकारियसची, चौथ्या शतकातले इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी. सकाळी आपल्या खोलीत बसले असताना पायाला डास चावला. दुखलं, त्यांनी फटकन मारला, तोवर तो रक्त पिऊन टम्म फुगलेला. आपण रोज करतो तेच. पण ते हाताकडे बघत बसले आणि त्यांना कळलं की मी हा सूड म्हणून मारला, माझ्या अंगात राग आला होता. मग त्यांनी स्वतःलाच शिक्षा दिली, स्केतिसच्या दलदलीत सहा महिने उघड्या अंगाने बसायचं, जिथले डास म्हणे रानडुकराची कातडी फोडतील एवढे जबर. परत आले तेव्हा तोंड आणि अंग एवढं सुजलं होतं की लोकांनी त्यांना आवाजावरून ओळखलं. आता कोणी असं करावं असं चर्च अजिबात सांगत नाही, आपल्याकडे कोणी केलं तर मी आधी दवाखान्यात घेऊन जाईन. पण त्यांनी बोट कुठे ठेवलं ते बघा. डास मेला याच्यावर नाही ठेवलं. मारताना आतून जे उसळलं त्याच्यावर ठेवलं.

कार्डिनल रॉबर्ट बेलार्मिन, ज्यांना १९३० मध्ये संतपद मिळालं, त्यांच्याबद्दल पण सांगतात की ते किड्यांना चावू द्यायचे आणि म्हणायचे, आपल्याला दुःखाचं फळ म्हणून स्वर्ग मिळेल, या बिचाऱ्यांना एवढं एकच आयुष्य आहे. आणि असिसीचे संत फ्रान्सिस तर सगळ्यांना माहीत आहेत, त्यांचं पहिलं चरित्र लिहिणारा सांगतो की रस्त्यात किडा दिसला तर ते उचलून कडेला ठेवायचे, कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून, कारण बायबलमधल्या एका स्तोत्रात ओळ आहे, मी तर कीटक आहे, मनुष्य नाही, आणि ती ओळ ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून वाचली जाते. हिवाळ्यात मधमाश्या मरू नयेत म्हणून ते त्यांना मध आणि चांगला द्राक्षारस ठेवायला सांगायचे. मधमाश्यांचा मान तर आपण अजूनही ठेवतो, ईस्टरच्या आदल्या रात्री अंधारात पास्काची मेणबत्ती पेटते आणि जे मोठं स्तुतिगान गातात त्यात मधमाश्यांच्या कष्टाचा उल्लेख येतो. त्यामुळे खिडकीला मोहोळ लागलं तर धूर करून जाळून टाकू नका, ते अलगद काढून दुसरीकडे नेणारी माणसं आता मिळतात, थोडी शोधाशोध करावी लागते एवढंच.

पण आता दुसरी बाजू, कारण हे सगळं ऐकून काही जण एवढे हळवे होतात की घरात डास झालेत तरी काही करत नाहीत, आणि ते मला अजिबात पटत नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा लोकांनी गल्लीगल्लीत क्रूस उभारले, वांद्र्यात त्यातले कितीतरी अजून आहेत, आपण येताजाता हात जोडतो. त्या लोकांना माहीत नव्हतं की रोग येतो कुठून. ते कळलं १८९८ मध्ये, कराचीत, पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने प्रयोग करून दाखवलं की उंदरावरच्या पिसवा प्लेग पसरवतात. त्याच्या आदल्याच वर्षी रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला होता. म्हणजे तेव्हापासून आपल्याला माहीत आहे. आणि माहीत असताना घरात लहान मूल, म्हातारी आई असताना डास होऊ देणं, ही दया कशी? पाचवी आज्ञा इथे खरी लागू होते, पण उलट्या बाजूने, शेजाऱ्याच्या जिवाची काळजी घेणं हाही त्याच आज्ञेचा भाग आहे.

आणि डेंग्यूचं गणित बघितलं तर देवाच्या वस्तूची काळजी आणि माणसाची काळजी दोन्ही एकाच जागी येतात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून, भांडी घासून कोरडी केली की तो तयारच होत नाही. कुंडीखालची बशी, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवरचा टायर, हे सगळे बघतात. पण आपल्या लोकांची एक जागा राहून जाते ती म्हणजे सिमेट्री. दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस, आपण सगळे फुलं घेऊन जातो, कबरीवरच्या फुलदाणीत पाणी घालतो, मेणबत्ती लावतो, आणि मग कितीतरी जण महिनाभर फिरकत नाहीत. फुलं सुकून गेलेली, पाणी तसंच. मी गेल्या वर्षी आमच्या बाबांच्या कबरीवरची फुलदाणी उचलली तर पाण्यात बारीक बारीक वळवळणारं दिसलं, तीसचाळीस तरी असतील, हलवलं की तळाला जायची आणि परत वर यायची. ते पाणी मी तापलेल्या सिमेंटवर ओतलं, दोन मिनिटांत सुकलं. तेव्हापासून आम्ही फुलदाणीत पाण्याऐवजी ओली वाळू घालतो, फुलं तेवढीच टिकतात.

मारायचं ठरलं तर कसं मारायचं याला पण अर्थ आहे. झटकन आणि गरजेपुरतं. ती चार्जिंगची रॅकेट पोरांच्या हातात देऊन डासांचा तडतड आवाज ऐकायचा खेळ करू नका, डास मारायला तीच रॅकेट मोठ्या माणसाने वापरली तर माझं काही म्हणणं नाही, पण आवाजाची मजा म्हणून मारणं हा तो विनाकारणवाला भाग आहे. आणि किडे खरंच काही जाणत नाहीत असं समजून चालू नका. २०२२ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की केसाळ गुबगुबीत जातीच्या मधमाश्या काही खायला मिळत नसतानाही लाकडी छोटे गोळे लोळवत बसतात, म्हणजे जवळजवळ खेळतातच.

आणि ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही असा एक माणूस या सगळ्यात असतो, फवारणीवाला. मागे आमच्याकडे वाळवीचं काम करायला जो मुलगा आला होता तो विशीतला असेल, पाठीवर पंप, पायात स्लिपर, हातमोजे नाहीत, तोंडाला नुसता रुमाल. दाराच्या चौकटीत भोकं पाडून औषध सोडत होता आणि मधेच त्याच हाताने कपाळ पुसत होता. विचारलं तर म्हणाला कंपनी देत नाही मॅडम. आम्ही मास्क आणि हातमोजे आणून दिले, काम अर्धा तास थांबवलं, नंतर कंपनीला फोन करून सांगितलं पण. त्या दिवशी वाळवी मारणं पाप आहे का असं मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, वाळवीचं सोडा, आधी या पोराकडे बघा. कमी त्रासाचे उपाय आधी करायचे ते यासाठी पण, फटी बुजवणं, रात्री ओटा कोरडा ठेवणं, खरकटं न ठेवणं, झुरळांसाठी फवाऱ्याऐवजी जेलचे ठिपके, ढेकणांसाठी गाद्या उन्हात आणि उकळतं पाणी. विषारी खडूच्या रेघा मुलांच्या हाताला लागतील अशा ठिकाणी तर नकोच.

जुन्या काळात चर्चने या किड्यांना किती गंभीरपणे घेतलं होतं याचं एक उदाहरण सांगते. आल्प्स पर्वतात सव्हॉय प्रांतात सेंट ज्युलियन नावाचं गाव, १५८७ साल. द्राक्षांच्या वेली भुंगेरे खाऊन टाकत होते म्हणून गावकऱ्यांनी चर्चच्या कोर्टात किड्यांवर केस केली. आणि किड्यांना वकील दिला गेला! त्या वकिलाचं म्हणणं, बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने रांगणारे जीव माणसाच्या आधी निर्माण केले, त्यांना आशीर्वाद दिला, हिरवा पाला अन्न म्हणून दिला, मग ते वेली खातात त्यात गुन्हा काय? शेवटी गावाने सभा घेऊन गावाबाहेरचा जमिनीचा एक तुकडाच भुंगेऱ्यांना द्यायचं ठरवलं, त्यावर वकिलाने हरकत घेतली की जमीन नापीक आहे, माझ्या अशिलांचं पोट भरणार नाही. निकाल काय लागला ते समजत नाही, कारण कागदांचं शेवटचं पान उंदरांनी का किड्यांनी खाल्लंय. आज वाचून गंमत वाटते, पण मला त्या गावकऱ्यांचं मनापासून कौतुक वाटतं, पीक हातचं जात असताना सुद्धा समोरच्या किड्याचं पण काही म्हणणं असेल हे ते ऐकून घेत होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये लाउदातो सी हे पत्र लिहिलं त्यात हाच धागा आहे, अगदी क्षुल्लक जीवाचं काही सेकंदांचं आयुष्य पण देवाच्या प्रेमात असतं असं ते म्हणतात, आणि आख्खी जातच नष्ट करायचा हक्क आपल्याला नाही असंही. घरातला डास मारणं वेगळं, आणि शेतात-बागेत सरसकट औषध मारून सगळेच किडे संपवणं वेगळं, ते त्यांच्या मते खरं काळजीचं.

आणि एक, जे या प्रश्नाने रात्ररात्र अस्वस्थ होतात त्यांच्यासाठी. चालताना पायाखाली मुंगी आली, झाडू मारताना कोळी मेला, याचा हिशेब ठेवू नका. हेतू नसेल तर पाप नाही. अशा अतिकाळजीला लॅटिनमध्ये स्क्रुपुलुस म्हणतात, अर्थ बारीक टोकदार खडा, चपलेत गेलेला, दिसत नाही पण प्रत्येक पावलाला टोचतो. संत इग्नेशियस लोयोला यांना हा त्रास स्वतःला झाला होता, त्यांनी उदाहरण दिलंय की जमिनीवर गवताच्या दोन काड्या क्रूसासारख्या पडल्यात, त्यावर चुकून पाय पडला आणि माणूस ठरवून बसला की मी पाप केलं. ते म्हणतात ही नुसती चुकीची समजूत आहे. असं वारंवार होत असेल तर एका फादरांशी बोला, आणि ते जे सांगतील ते धरून चाला, दहा जणांना विचारत फिरू नका.

तर भाचीला मी शेवटी विचारलं, कुठल्या मुंग्या गं? मला वाटलं होतं साखरेच्या डब्यातल्या असतील. ती जरा वेळ वहीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, पेरूच्या झाडावरच्या. दादा आणि मी. त्या रांगेने जात होत्या ना, आम्ही अंगठ्याने एकेक चिरडत होतो, कोणाच्या जास्त होतात ते बघायला. माझ्या बावन्न झाल्या.

मी काही बोलले नाही. तिने खोडरबर घेतलं, चौथी ओळ पुसली, पुस्तकात बोट घालून सातव्या आज्ञेचं पान एकदा बघितलं, आणि मग परत तीच ओळ लिहिली, यावेळी एक शब्द जास्त घालून. मुंग्या उगाच मारल्या.